सहकर्जदार

४ फेब्रुवारी

जावईबापू,

मायन्याबद्दल प्रथम खुलासा करतो. 'चिरंजीव' लिहावे, तर आपले संबंध सध्या त्या शब्दाला साजेसे नाहीत. 'श्रीयुत' लिहावे, तर पत्र नोटिशीसारखे दिसते, आणि नोटिसा तुम्हाला अन्य ठिकाणांहून पुरेशा येत असाव्यात. म्हणून जे नाते कागदोपत्री अद्याप शिल्लक आहे, त्याच नात्याने हाक मारली आहे.

हे पत्र समेटासाठी नाही. माझी मुलगी गेल्या हिवाळ्यात तुमचे घर सोडून माझ्याकडे आली. त्याची कारणे तुम्हा दोघांना ठाऊक आहेत आणि मी ती विचारलेली नाहीत. विषय कर्जाचा आहे.

तिचे काम तुम्ही पाहिलेले आहे: गणवेशांवर बोधचिन्हे भरून देणे. बाहेरच्या खोलीत, जेथे पूर्वी माझी पुस्तकांची कपाटे होती, तेथे आता तिचे जुने मशीन आहे. कापडाची चौकट ती दोन्ही हातांनी फिरवते, आणि एका सदऱ्याचा खिसा पुरा होईपर्यंत माझा चहा निवतो. एका रुग्णालयाने आपल्या सर्व परिचारिकांच्या गणवेशांचे काम तिला देऊ केले आहे. परंतु प्रत्येक चिन्ह तंतोतंत सारखे हवे, अशी अट आहे. हाताने ते साधत नाही. त्यासाठी संगणकावर चालणारे मशीन लागते. वर्षअखेरपर्यंत थांबण्याचे रुग्णालयाने मान्य केले आहे. त्यानंतर ते काम दुसरीकडे जाईल आणि तिला, तिच्याच शब्दांत, "आयुष्यभर लोकांचे खिसे भरत बसावं लागेल, तेही दोऱ्याने".

मशीन रोखीने घेण्याजोगे नाही. बँकेने कर्ज नाकारले. कर्जविभागातील बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून कारण दाखवले. तुमच्या घराचे हप्ते सगळी वर्षे तिच्या कमाईतून गेले. परंतु खाते तुमचे असल्यामुळे त्याचे पुण्य तुमच्या नावावर जमा आहे. तिच्या नावावर एकच गोष्ट दिसते. तुमच्या टेम्पोच्या कर्जात ती सहकर्जदार आहे, आणि त्या कर्जाचे हप्ते वारंवार उशिरा भरले गेले आहेत.

"म्हणजे बघा ताई," बाई म्हणाल्या, "जे तुम्ही फेडलंत ते कुठे दिसत नाही, आणि जे दिसतंय ते तुम्ही फेडत नाही."

इतके नेमके वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

सही घेताना तुम्ही तिला "नुसती सही तर आहे" असे म्हणाला होतात, असे ती सांगते. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासली. 'नुसती' हे विशेषण सहीला लावलेले मी कोठेही पाहिले नाही, आणि पाहिले असते तर खोडले असते.

विनंती एवढीच, की टेम्पोचा हप्ता देय तारखेस, शक्य तर तिच्या आदल्या दिवशी, भरावा. पत्र लिहीत असल्याचे तिला सांगितले आहे. तिने ते वाचून पाहण्यास नकार दिला.

तुमचा सासरा


९ मार्च

जावईबापू,

तुमचे उत्तर मोबाइलवर मिळाले. "बघतो बाबा." क्रियापद आहे, संबोधन आहे; कर्म नाही. काय बघता, ते समजले नाही. या महिन्याचा हप्ता पुन्हा उशिरा गेला, हे मात्र समजले, कारण बँक अशा वेळी सहकर्जदारासही संदेश पाठवते. संदेश आला तेव्हा ती बॉबिनमध्ये दोरा भरत होती. तिने वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि दोरा भरणे पुढे चालू ठेवले.

तिने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. साठवलेल्या पैशांतून एक मुदत ठेव केली आणि त्या ठेवीच्या तारणावर बँकेकडून क्रेडिट कार्ड घेतले. मी अर्थातच विरोध केला. आमच्या पिढीत उधारीला घरात पाऊल ठेवू देत नसत.

"कार्ड म्हणजे कर्ज काढण्याचा कायमचा परवाना," मी म्हणालो.

"बाबा, मला कर्ज काढायचं नाहीये. मला कर्ज फेडता येतं, एवढं दाखवायचंय."

"मी आजवर कोणाचे एक पैशाचेही देणे ठेवलेले नाही. माझी पत त्यावरच आहे."

"कुणाकडे आहे तुमची पत? वाण्याकडे. वाणी मला मशीन देणारे का?"

यावर मी तिला 'देणारे' आणि 'देणार आहे' यांतील फरक सांगितला. तिने कार्डावर वीजबिल आणि दोऱ्याची रिळे, एवढेच घ्यायचे ठरवले आहे. मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जायचे नाही आणि बिल आले की पूर्ण रक्कम भरायची. 'किमान देय रक्कम' म्हणून बिलावर जो लहान आकडा ठळक छापतात, त्याला ती "उंदराच्या पिंजऱ्यातला खोबऱ्याचा तुकडा" म्हणते.

तिच्या शिस्तीत उणे काही नाही. उणे जे आहे ते तुमच्याकडून येते. तारीख पाळावी.

तुमचा सासरा


२१ एप्रिल

जावईबापू,

या पत्रात तुमच्या चुकीविषयी कमी आणि माझ्या चुकीविषयी अधिक आहे, तेव्हा निश्चिंतपणे वाचावे.

मोठी वस्तू घेताना दहा ठिकाणी चौकशी करावी, हा आमच्या घरातील रिवाज आहे. माझ्या वडिलांनी एक कपाट घेण्यासाठी सारा बाजार पालथा घातला होता. त्याच रिवाजाने मी मुलीला घेऊन शहरातील सहा बँकांत गेलो. प्रत्येक ठिकाणी व्याजाचा दर विचारला. प्रत्येक ठिकाणी "आधी अर्ज भरा, मग सांगतो" असे उत्तर मिळाले, आणि प्रत्येक ठिकाणी मी तिला अर्ज भरायला लावला. ती तिसऱ्या बँकेतच म्हणाली होती, "बाबा, पुरे." मी म्हणालो, "विचारायला काय जाते?"

काय जाते, ते पूर्वी कर्ज नाकारणाऱ्या बँकेतील त्याच बाईंनी नंतर सांगितले.

"सहा अर्ज? एका आठवड्यात?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आजोबा, तुम्ही भाजी घ्यायला निघाला होतात का?"

"दर पारखून घेणे गैर आहे का?"

"दर पारखा ना! नुसता दर विचारा, पाटी वाचा, फोन करा. अर्ज भरला की बँक माणसाची पत तपासते, आणि प्रत्येक तपासणीची नोंद राहते. सहा बँकांनी आठ दिवसांत तपासलं, तर सातवीला काय वाटेल? बाई घायकुतीला आलीये."

ज्या सावधगिरीचा मला अभिमान, तीच बँकेच्या भाषेत उतावीळपणा ठरते. तिचा पतगुणांक, ज्याला त्या बाई 'स्कोअर' म्हणतात, आणखी खाली आला. निदान सहा महिने एकही नवा अर्ज करू नये आणि तोवर सर्व देणी वेळेवर जावीत, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे ऑक्टोबर. रुग्णालयाची मुदत डिसेंबर.

परत येताना जिन्यात मी म्हणालो, "चूक माझी आहे." ती म्हणाली, "हो." इतके स्पष्टवक्तेपण तिने कोणाकडून घेतले, हे सांगणे नको.

आता तुमच्या निरोपाविषयी. परवा तुम्ही फोन केलात आणि म्हणालात, "तिला म्हणावं घरी ये, हप्ते आपोआप वेळेवर जातील." तो निरोप मी तिला दिलेला नाही, देणारही नाही. बायको घरी आल्यामुळे ज्यांचे हप्ते वेळेवर जातात, त्यांचे हप्ते ती आल्यामुळे नव्हे, तर तिने भरल्यामुळे जातात.

तुमचा सासरा


१७ जून

जावईबापू,

या वेळी तुम्ही कागदावर लिहिलेत, याचे मला बरे वाटले. ऱ्हस्वदीर्घाकडे दुर्लक्ष करतो. मजकूर प्रामाणिक आहे.

फर्निचरच्या दुकानाने स्वतःची गाडी घेतली, त्यामुळे तुमचे निम्मे काम गेले. मोठा टेम्पो अर्धा रिकामा धावतो आणि डिझेल मात्र भरल्या गाडीइतके पिते. गल्लीतल्या मित्राने मोठा घेतला म्हणून तुम्ही मोठा घेतलात, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण "सगळे तेव्हा मोठाच घेत होते" हे वाक्य लिहिले आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ होत नाही. वाहन मालाच्या मापाने घ्यावे, शेजाऱ्याच्या मापाने नाही. ते झाले आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तुमचे पत्र मी तिला वाचून दाखवले. ती ऐकत नाही असे दाखवत होती. नंतर मी तिच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला.

"ऑक्टोबरपर्यंतचे टेम्पोचे हप्ते मी भरतो."

"आणि नोव्हेंबरपासून?"

"तोवर तुझे काम होऊन जाईल."

"माझं होईल, पण माझं नाव तिथेच अडकलेलं राहील. बाबा, गळकी बादली आहे ती. तुमचं पेन्शन ओतलं तरी भरायची नाही."

दोन दिवसांनी तिने स्वतःच तोडगा आणला. कोपऱ्यावरच्या बेकरीतील कामगारांचे एप्रन ती भरून देते. बेकरीवाल्यांची जुनी गाडी मोडीत निघाली आहे आणि पाव पोहोचवायला त्यांना मोठा टेम्पो हवा आहे. पावाला वजन नसते, जागा लागते. जी तुम्हाला जड झाली, ती गाडी त्यांना नेमकी पुरते. ते एप्रन न्यायला आले, तेव्हा मी तेथेच बसलो होतो.

"गाडी घेईन मी," ते म्हणाले. "बँकेचं उरलेलं फिटून वर थोडं हातात पडेल, एवढी किंमत देतो. पण ताई, खरं सांगू? गाडीपेक्षा मला पहाटे उठणारा ड्रायव्हर पाहिजे. आधीचा पोरगा उठेपर्यंत पाव शिळे व्हायचे. तुमचे मिस्टर उठतात का?"

"उठतात," ती म्हणाली. "त्या एका बाबतीत माझी तक्रार नाही."

"मग बाकीच्या तक्रारी तुमच्याजवळच ठेवा. मला एवढं पुरे!"

टेम्पो त्यांना विकावा, कर्ज बंद करावे आणि तोच टेम्पो पगारावर चालवावा, असा हा प्रस्ताव आहे. तो तिचा आहे. मी फक्त लेखनिक आहे. विचार करून कळवावे.

तुमचा सासरा


५ ऑगस्ट

जावईबापू,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "मी मालक माणूस. दुसऱ्याचे पाव वाहू?" त्यानंतर जे म्हणालात ते लिहिण्याजोगे नाही, आणि मी ते ऐकले नाही असे समजतो.

उत्तरादाखल एकच घटना कळवतो. आज दुपारी रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका दोऱ्याचा रंग पसंत करायला आमच्याकडे आल्या होत्या. टेबलावर निळ्याच्या निरनिराळ्या छटा मांडलेल्या होत्या. इतक्यात दाराशी बँकेचा वसुलीचा माणूस उभा राहिला. तुम्ही दोन हप्ते भरले नाहीत आणि फोन उचलत नाही, म्हणून तो सहकर्जदाराच्या पत्त्यावर आला. तो उद्धट नव्हता. मी कबूल करतो, उद्धट असता तर मला सोपे गेले असते. त्याने टेम्पोचा क्रमांक वाचला, थकलेली रक्कम वाचली, आणि "ताई, सही तुमचीपण आहे ना?" असे विचारले.

मुलीने "हो, आहे" असे म्हटले.

परिचारिकाबाई सारा वेळ एकाच रिळाकडे पाहत राहिल्या. जाताना दारात म्हणाल्या, "रंग हाच ठेवू. पण वर्षअखेर म्हणजे वर्षअखेर हं. मला वर उत्तर द्यावं लागतं."

त्या गेल्यावर मुलीने सर्व रिळे डब्यात भरली आणि डब्याचे झाकण लावता लावता म्हणाली, "त्यांना आता काही लिहू नका, बाबा. त्यांचं त्यांना कळू दे." मी तिची आज्ञा मोडून हे लिहीत आहे, आणि यापुढे आग्रह करणार नाही.

मालकीविषयी एवढेच, की ज्या टेम्पोचे तुम्ही मालक आहात, त्याची कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत आहेत.

तुमचा सासरा


२६ ऑक्टोबर

जावईबापू,

टेम्पोचे कर्ज थकबाकीसह फिटून खाते बंद झाल्याचा बँकेचा संदेश मिळाला, तेव्हा मी तुम्हाला लिहिले नाही. बेकरीवाल्यांकडून कळले, की तुम्ही पहिल्याच दिवशी त्यांच्याही आधी येऊन शटरशी उभे होतात. ते म्हणाले, "तुमचा जावई अबोल आहे, पण पाव गरम पोहोचतात." मी तेव्हाही लिहिले नाही. अभिनंदन करावे तर तुम्हाला टोमणा वाटेल, आणि न करावे तर मला खोटे वाटेल. अखेर आज, सांगण्याजोगे काम झाल्यामुळे, लिहीत आहे.

तिला कर्ज मंजूर झाले.

बाईंनी पुन्हा पडदा वळवला. मागचे उशीर पुसले जात नाहीत. ते काही वर्षे दिसत राहतील. परंतु खाते पूर्ण फिटून बंद झालेले आहे, कार्डाचे एकही बिल चुकलेले नाही, नव्या अर्जांची धावपळ थांबलेली आहे, आणि मशीनच्या किमतीचा पहिला हिस्सा ती रोख भरते आहे. बाईंनी विचारले, "वडिलांना जामीन ठेवायचं का? व्याज थोडं कमी बसेल."

ती म्हणाली, "नको. व्याज मी भरीन. सही एकटीची राहू दे."

मी शेजारीच बसलो होतो. पेन उघडूनही ठेवले होते. ते बंद करून खिशात ठेवले.

आता हसण्याजोगा भाग. मशीनच्या दुकानातील विक्रेत्याने आम्हाला दोन नमुने दाखवले: एका वेळी एक सदरा भरणारे लहान, आणि एका वेळी चार भरणारे मोठे. मोठ्याचा हप्ता "रोजच्या दोन कप चहाइतकाच जास्त" पडतो, असे त्याने गोड आवाजात समजावले. आणि मी, ज्याने तुम्हाला टेम्पोच्या मापावरून उपदेश केला, तो मी, मुलीला म्हणालो, "घेतोच आहोत, तर मोठे घ्यावे."

तिने माझ्याकडे पाहिले. "बाबा, काम किती आहे आपल्याकडे?"

"वाढेल."

"वाढलं की घेऊ. काम कमी असलेल्या महिन्यात कुठला हप्ता झेपतो, ते बघून घ्यायचं असतं." मग विक्रेत्याकडे वळून, "दादा, तुमच्या दुकानात चहा फार महाग आहे. लहान दाखवा. दुरुस्तीची हमी किती वर्षं, आणि सुटे भाग इथे मिळतात का, ते आधी सांगा."

लहान घेतले.

मशीन पोहोचवून देण्याचे दुकानदार वेगळे पैसे मागतो. बेकरीवाल्यांनी त्यांचा टेम्पो देऊ केला आहे, पाव वाटून झाल्यावर. चालक अर्थातच तुम्ही. मी तिला विचारले, चालेल का. ती म्हणाली, "सामान नीट उतरवतात ते." मी याला होकार समजतो.

तुमचा सासरा


१४ नोव्हेंबर

जावईबापू,

परवा तुम्ही आणि बेकरीतील तो उंच कामगार मिळून मशीन वर आणलेत, त्याबद्दल आभारी आहे. खोके कोठेही चेपलेले नाही. मी चहाला थांबा म्हणालो, तर तुम्ही गाडी आडवी उभी असल्याचे सांगितलेत. मी गॅलरीतून पाहिले होते; गाडी सरळ उभी होती.

मशीन जागेवर ठेवताना तुम्हा दोघांत जे संभाषण झाले, त्याचा मी साक्षीदार आहे. ती म्हणाली, "डावीकडे." तुम्ही म्हणालात, "एवढं?" ती म्हणाली, "अजून थोडं. बस्स." वर्षभरात तुम्ही एकमेकांशी बोललेले तेवढेच, आणि त्यात वावगे काही नव्हते.

तुम्ही गेल्यानंतरचे सांगतो, कारण ते तुम्हाला दिसले नाही.

तिने मशीन सुरू केले. पहिले चिन्ह भरून निघाले, मग दुसरे. दोन्ही कापडे तिने एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. एकही टाका इकडचा तिकडे नव्हता. मी चष्मा लावून स्वतः तपासले. काल परिचारिकाबाई येऊन पाहून गेल्या आणि कामाची पहिली खेप ठरली. पहिला हप्ता पुढच्या महिन्यात आहे; तिने त्याची रक्कम आजच वेगळी काढून ठेवली आहे. मला काही तपासायला उरलेले नाही.

आज दुपारी ती काम करता करता, मान वर न करता, म्हणाली, "ते जिन्यात थांबले होते का?"

"दुसऱ्या मजल्यावर," मी म्हणालो. "खोके पायरीवर टेकवून, कठड्याला धरून उभे होते. बराच वेळ."

"पूर्वी थांबत नसत," ती म्हणाली.

मशीन चालत राहिले. आपोआप चालणारे असल्यामुळे तिने हात लावण्याची गरज नव्हती, तरी तिचा हात त्यावर होता.

एवढेच घडले. त्यावरून निष्कर्ष काढणे माझे काम नाही. तुम्ही मात्र डॉक्टरांकडे जाऊन छाती तपासून घ्यावी. वर्षभर मी तुम्हाला खर्चाबाबत थांबा, मोजा, माप पाहा असेच सांगत आलो. हा खर्च उद्याच करावा. डॉक्टर काय म्हणतात, ते कळवावे. मोबाइलवर नको, पत्राने. टपाल आणायला हल्ली तीच खाली जाते.

तुमचा सासरा